गुहेत डाइव्ह करताना जोडीदार घाबरला, तर या चुका टाळा

मेक्सिकोतील तुलूमजवळच्या सेनोतेंत, म्हणजे चुनखडीच्या खडकातील पाण्याने भरलेल्या गुहांत, उतरायला येणारे बरेच जण समुद्रातील शे-दोनशे डाइव्हच्या भरवशावर येतात. पण डोक्यावर छत असताना सरळ वर येण्याची वाट बंद असते, आणि घाबरलेला माणूस नेमका वरच धावतो. गुहेचे स्वतंत्र प्रशिक्षण घेण्याचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्यासोबत मी पाण्यात उतरत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे तळाचा गाळ उठताच, बाहेरची वाट दाखवणारी गुहेत ताणलेली दोरी सोडणे. एकदा परतताना पुढे असलेल्या माझ्या जोडीदाराच्या पायातील फिन, म्हणजे पोहण्याची रबरी पट्टी, तळाला लागली आणि क्षणात स्वतःच्या हातातील टॉर्चही दिसेनासा झाला. कुठे आहोत हे पाहण्यासाठी तो वळला आणि त्या नादात त्याचा हात दोरीवरून सुटला. मी दोरीभोवती अंगठा व तर्जनीचे कडे करून दुसरा हात फिरवला; सुदैवाने तो हातभर अंतरावरच होता. त्याला ढकलत लगेच निघावे, असे मलाही फार वाटले, परंतु मी त्याची बोटे दोरीवर ठेवली, वरून माझी मूठ आवळली आणि त्याच्या बुडबुड्यांचा आवाज संथ होईपर्यंत तिथेच थांबलो. मगच दंडाला पुढे रेटून निघण्याची खूण केली. या सहा मिनिटांत त्याने तीस बार (टाकीतील हवेच्या दाबाचे एकक) हवा संपवली होती. त्या खोलीवर एरवी त्याला एवढ्या वेळात दहा-बारा बार पुरतात.

म्हणूनच हवेच्या हिशेबातील घाई मला सहन होत नाही. एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेली जोडीदाराच्या संकटासाठी, हा नियम सर्वांना पाठ असतो; पण सारख्या टाक्यांत एकाकडे 210 बार आणि दुसऱ्याकडे 180 असले, तर दोघांनीही 60 बार वापरून परतायचे असते, हे विसरले जाते. शिवाय हा नियम शांत श्वासाचा आहे, घाबरलेल्या दोघांचा नव्हे, त्यामुळे मी एक चतुर्थांश हवा वापरली की मागे फिरतो.

प्रत्येकाजवळ तीन टॉर्च हवेत. फाट्यावर दोरीला परतीची दिशा दाखवणारा बाण लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. जोडीदाराची हवा गेली, तर आपल्या तोंडातील लांब नळीचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा घेण्याचे साधन, त्याला द्यावा आणि गळ्यातील दुसरा आपण घ्यावा. कोणीही, कोणत्याही कारणाने, परतीची खूण केली, तर कारण पाण्याबाहेर आल्यावर विचारावे.

नव्या जोडीदारासोबत मी आधी काठावरच झाडांना दोरी बांधतो आणि दोघेही डोळे मिटून, एकमेकांचा दंड धरून, ती संपेपर्यंत चालतो. त्यात ज्याचा हात दोरीवरून सुटतो, त्याच्याबरोबर त्या दिवशी गुहेत उतरत नाही.