मरळ फिरते म्हणून पाणी बेस समजू नका

झड धानाला मानवते, बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, कटला माशाला नाही. तीन दिवस आभाळ उघडलं नाही की चौथ्या पहाटे कुठून तरी फोन येतोच: मासा वर आला.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या एका बोडीवर गेलो होतो. संध्याकाळी मालक म्हणाले, "पाणी तं बेस आहे जी, मरळ पाहा कशी मस्त फिरते." सकाळी सातला किलो-किलोचे कटले पोट वर करून काठाला लागले होते आणि मरळ त्यांच्यामधूनच फिरत होती.

मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा धरायची पोकळी असते. ती वर येते, हवेचा घोट घेते, खाली जाते. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी तिचं अडत नाही. उलट जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तर ती गुदमरते. कटल्याची सगळी मदार कल्ल्यांवर. त्याला लिटरमागे 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे, 3 च्या खाली तो तोंड वासतो. त्यामुळे पाणी कसं आहे हे कटल्यालाच विचारा. रोहू-मृगळापेक्षा तो आधी वर येतो, असं मी तरी पाहत आलोय.

पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं. आभाळ असलं की दिवसाची कमाई नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच. वरून बांध्यांतला, म्हणजे धानाच्या शेतातला, युरिया आणि शेणमुताचं पाणी बोडीत उतरतं. सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाआधीची, आणि तेव्हाच आपण घरी झोपलेले असतो. दहा वर्षांत पाहिलेल्या बहुतेक मरतुकी याच एका झोपेच्या आहेत.

झड लागली की पहाटे 4 वाजता बॅटरी घेऊन काठावर जा. टाळी वाजवा. कटला दचकून खाली गेला तर ठीक. तोंड उघडं ठेवून तिथेच राहिला तर लगेच पंप लावा. बोडीचंच पाणी उचलून उंचावरून भोकं पाडलेल्या पत्र्यावर आपटू द्या. फूटवॉल्व्ह (पंपाच्या ओढ-पाइपच्या तोंडाची झडप) तळापासून हातभर वर ठेवा, नाहीतर गाळातला घाण वायू वर येईल. रात्रीच्या लाइनचा भरवसा नाही, डिझेल इंजिन आधीच काठावर आणून ठेवा.

दुकानदार ऑक्सिजनच्या गोळ्या गळ्यात मारतील. त्या तासाभराचा आधार देतात, पण दहा गुंठ्यांच्या बोडीत रोज टाकायला घेतल्या तर कटल्याचे पैसे त्यातच जातील. भारीच्या प्रोबायोटिकच्या डब्याने पहाटेचा मासा वाचलेला मी पाहिला नाही.

दुपारी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा. मनगट बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं आहे, शेणखत बंद.

बाकी कामं:
- आभाळ असेपर्यंत माशांचं खाद्य, कोंडा-ढेप, बंद.
- पाणी येण्याच्या तोंडाला बारीक जाळी. मरळ ओल्या जमिनीवरूनही सरकत येते आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, खाते.
- मरळ फार झाली असेल तर उन्हाळ्यात, बोटुकली सोडण्याआधी, ती मारायला मोहाची ढेप: हेक्टरी 2500 किलो, म्हणजे दहा गुंठ्याला 250. त्यानंतर बोटुकली सोडायला तीन आठवडे थांबा.
- चुना: बोडी तयार करताना हेक्टरी 200 ते 250 किलो.

मेलेला मासा त्याच सकाळी बाहेर काढा. तो सडताना उरलासुरला ऑक्सिजनही खातो. ऊन पडलं म्हणून इंजिन घरी नेऊ नका, दुसऱ्या पहाटेही लागतं.