प्रोग्रामरनं स्वतःची ओळख कशी लिहावी (प्रोजेक्ट, शिकवणी, छंद सगळं धरून)

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं नोकरीला अर्ज टाकायच्या आधी प्रोफाइल दाखवायला येतात, आणि उघडलं की पहिलीच ओळ ‘पॅशनेट डेव्हलपर, क्विक लर्नर’. आता हे वाचून समोरचा विचारणार तरी काय? माझी कसोटी एकच आहे बघा, ओळ वाचून समोरच्याला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे आणि तुम्हाला त्यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे, नसेल तर ती ओळ उडवा.

लिहायचं कुठं? गिटहबवर (कोड ठेवायची साइट) तुमच्या युजरनेमच्याच नावाचं पब्लिक रेपो, म्हणजे फाइल्सचं सगळ्यांना दिसणारं फोल्डर काढा, त्यात रीडमी डॉट एमडी टाका, की ते प्रोफाइलवर सगळ्यात वर दिसतंय, २०२० पासून ही सोय आहे. बायोला १६० अक्षरं मिळतात, तिथं काम काय करता तेवढंच. प्रोफाइलवर समोर दिसतील असे रेपो सहा पिन करता येतात खरं सहाच्या सहा भरायलाच पाहिजेत असं काय नाही, टू-डू ॲप आणि वेदर ॲप सगळ्यांकडंच असतंय, दोनच ठेवा पण बरे ठेवा.

प्रोजेक्ट लिहिताना अडचण कोणाची होती, तुम्ही स्वतः काय केलं, कशात केलं आणि आज कोण वापरतंय हे सांगा. ‘इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सिस्टम, पायथन, मायएसक्यूएल’ एवढ्यानं काही कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग रिजेक्ट झालं की ते कुठल्या हीटचं (भट्टीतल्या कुठल्या घाण्यातलं) हे रजिस्टर चाळून शोधायला लागायचं, आता हीट नंबर टाकला की टेस्ट रिपोर्ट आणि चलन एकाच स्क्रीनवर येतं, बॅकएंड माझा, स्क्रीन मित्राच्या.’ झालं, आता समोरचा आपसूक विचारणार की एकाच दिवशी दोन भट्ट्या चालू असल्या तर काय करता. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर आपला भाग वेगळा सांगाच, नाहीतर पहिल्या दोन प्रश्नांतच उघडं पडायला होतंय.

आणि मालकाला विचारल्याशिवाय त्याचं नाव, त्याचा डेटा टाकू नका हां, खोटा डेटा भरून स्क्रीनशॉट काढा. कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेला जोडायची गुप्त किल्ली) राहिली असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही, गिटच्या हिस्ट्रीत, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीत ती तशीच असते, म्हणून आधी ती की बदला.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र लोक उगाच लपवतात. दुकानाचं बिल मराठी आणि कन्नड दोन्हीत छापायचं काम कोणी केलं असेल त्याला माहीत आहे, पीडीएफ लायब्ररीला शेपिंग (अक्षरं जोडून नीट मांडणं) येत नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं यायची ती उजवीकडं जाऊन बसते. हे तुम्ही सोडवलं असेल तर कसं सोडवलं ते सविस्तर लिहा, दोन-तीन ओळी जास्त झाल्या तरी चालतील, दोन लिप्यांत काम केलेला माणूस सहज मिळत नाही.

शिकवणी लिहायला कसली लाज? ‘टीचिंग एक्सपीरियन्स’ असं कोरडं लिहू नका, कोणाला, काय, कुठवर शिकवलं ते लिहा. म्हणजे ‘आठवी-नववीच्या मुलांना मराठी-कन्नड मिसळून स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) शिकवलं, शेवटी प्रत्येकानं आपला गेम केला’ किंवा ‘ज्युनिअरना व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) लॅबचे प्रोग्राम पाठ न करता कागदावर ट्रेस करायला लावले’. तुमच्या नोट्स आणि सरावाचे प्रश्न रेपोत टाका, ते वाचूनच कळतंय की तुम्हाला समजावता येतं का. मुलांची नावं, फोटो नकोत.

छंद दोन ओळीत आटपा. ‘ट्रेकिंग, म्युझिक, रीडिंग’ म्हणजे काहीच न लिहिल्यासारखं, ‘पावसाळ्यात राजहंसगड, एरवी घरी हार्मोनियम, सध्या भूप राग’ हे बरं. क्रिकेट सगळेच खेळतात, सोडा ते. हां, गल्लीच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला स्कोअरिंगचं ॲप तुम्ही केलं असेल तर ते छंदात कशाला, वर प्रोजेक्टात घ्या की!

रिमोट काम पाहिजे असेल तर आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं आहोत आणि तुम्ही किती ते किती भेटू शकता हे लिहा. ईमेल द्या, घरचा पत्ता, मोबाइल नंबर नको. सगळं झालं की लॉगआउट करून प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा, कारण प्रायव्हेट रेपो तुम्हाला नीट दिसतंय खरं दुसऱ्याला तिथं ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ असं येतंय.