रोझेटीच्या धाटणीची मध्ययुगीन मैफल जलरंगात रंगवताना या चुका टाळा

घात बहुतेक वेळा पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या हातालाच होतो. जलरंग म्हटला की पारदर्शक, ओला, झरझर उरकायचा, असा आपला हात बसलेला असतो. इंग्रज चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटीनं १८५६-५७ मध्ये ‘द ब्लू क्लोसेट’ हे अशाच मैफलीचं चित्र रंगवलं ते नेमकं उलट: ब्रश जवळजवळ कोरडा, रंग दाट, आखूड फटकारे शेजारी शेजारी. पाणी जास्त झालं की खालचा थर सुटतो, लाल-हिरवा एकत्र येतो आणि चिखल होतो. ब्रश फडक्याला टिपून घ्या, एका जागी एकदाच फिरवा. घोटत बसू नका.

कागद ३०० जीएसएमचा, कॉटनचा, हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत. खरबरीत कागदावर चेहरे आणि तारा दोन्ही तुटक येतात. गम अरॅबिकनं (बाभळीच्या जातीचा डिंक) गडद रंग खुलतात, पण चमचाभर कालवलेल्या रंगात दोन-तीन थेंब पुरे. जास्त झाला तर थर चकाकतो, वाळल्यावर तडकतो.

मागची भिंत फिकी करून खोलपणा दाखवायचा मोह आवरा. निसर्गचित्रात ते शोभतं. इथे मागच्या निळ्या टाइल्सनी अंगावर यायला हवं, जागा बंदिस्त वाटायला हवी. पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग) प्रत्येक रंगात मिसळला की चित्र खडूसारखं दिसतं. तो उजेडाच्या जागी लावा, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर पातळ रंगाचा एकच हात.

ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या तारा शेवटी, धारदार ब्लेडच्या टोकानं खरवडून काढा. कागद किंचितही दमट असेल तर कागदाचे तंतू उपसतात. तसं झालं तर तिथे लगेच रंग भरू नका, तो पसरतो. वाळल्यावर नखानं दाबून गुळगुळीत करा आणि शून्य नंबरच्या ब्रशनं गुवाशची रेघ ओढा.

वाद्यांत तर सर्रास चुका होतात. ल्यूटला गिटारची सरळ मान काढतात. ल्यूटची खुंट्यांची पेटी मागे जवळपास काटकोनात वळलेली असते. व्हायोलिन सोळाव्या शतकातलं, ते इथे नकोच. हातात धरायच्या छोट्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले, तर भाता कोण मारणार? एक हात पट्ट्यांवर, दुसरा मागच्या भात्यावर. ‘ब्लू क्लोसेट’मधलं वाद्य रोझेटीनं मनानंच रचलेलं आहे, तेव्हा कल्पनेला मुभा आहे, बोटं मात्र वाजवताना दिसायला हवीत, नुसती टेकलेली नकोत.