जंगलातून निघायच्या दिवशी: दोडामार्गात आमच्याकडे येणाऱ्यांसाठी

तिलारीच्या खोऱ्यात आमचं घर वाडी संपल्यावरही बरंच पुढे आहे. येताना पाहुणे छान तयारीनिशी येतात, पण निघायची सगळी कामं शेवटच्या तासावर टाकतात. मग सकाळ चार्जर शोधण्यात जाते. मुक्कामातली सगळ्यात चांगली सकाळ हीच असते, कारण तोवर तुमचे डोळे आणि कान जंगलाला सरावलेले असतात. म्हणून कामं आदल्या संध्याकाळीच उरका.

आधी हिशोब. रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात मिळते, तीही कधीमधी. फोनवरून पैसे पाठवण्याच्या भरवशावर राहू नका, येतानाच रोकड घेऊन या. रिक्षाही संध्याकाळीच सांगायची. सावंतवाडी रोड स्टेशनला गाडीच्या वेळेआधी तासभर पोचाल असं निघा. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी आहे, क्रॉसिंगला गाड्या रखडतात, पण म्हणून तुम्ही उशिरा निघू नका. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं असतं, ते आधी बघून ठेवा. स्वतःची गाडी घेऊन कोल्हापूर-बेळगावकडे जाणार असाल तर तिलारी घाट उजेडातच चढा. चढ उभा आहे आणि वळणं फार अवघड.

बॅग भरून झाली की चेन लावा आणि खाटेवर ठेवा, जमिनीवर नको. रात्री उघड्या बॅगेत विंचू शिरू शकतो. सकाळी बूट आपटूनच घालायचे.

आता सकाळ. नव्या पायवाटेने भटकायला जाऊ नका. कर्नाटकातून 2002 मध्ये हत्ती या तालुक्यात उतरले, तेव्हापासून त्यांचा वावर आहे. रात्री ते कुणाच्या बागेत होते हे विचारल्याशिवाय अंधारात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पडवीत बसा. उन्हाळ्यात ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर घशात फळं साठवून आणतो. आधी पंखांचा आवाज येतो, मग तो शेजारच्या फांदीवर टेकतो, मान तिरकी करून खाली बघतो. सगळं शांत असेल तरच ढोलीशी जातो आणि एकेक उंबर वर काढून, चोचीच्या टोकात धरून, फटीतून आत देतो. खाली माणूस दिसला तर चारा न देताच परततो, आणि आतली मादी-पिल्लं उपाशी राहतात. म्हणून झाडाखाली जायचं नाही, लांबून दुर्बिणीतून बघायचं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं तर नाहीच. या एका बाबतीत मी पाहुण्यांवर ओरडते.

न्याहारीला घावणे असतात, ते गरमच खा.

घरी न्यायला आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, घेणार असाल तर बाटली काठोकाठ भरू नका, झाकणाखाली प्लॅस्टिक लावा आणि वेगळ्या पिशवीत उभी ठेवा. आगळाचा डाग कपड्यावरून जात नाही. ओले काजूगर निघायच्या सकाळीच घ्या आणि घरी पोचताच फ्रीजमध्ये टाका, उन्हाळ्यात ते लवकर खराब होतात. सोलं (वाळवलेली कोकमं) आणि कुळथाचं पीठ मात्र निर्धास्त न्या. रानात सापडलेलं सांबराचं शिंग किंवा साळिंदराचा काटा तिथेच राहू द्या. गळून पडलेला असला तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बाळगता येत नाही. कचऱ्याचं उलट आहे. इथे घंटागाडी येत नाही, त्यामुळे शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, संपलेले सेल तुमच्याबरोबर परत जायला हवेत.

सगळ्यात महत्त्वाचं गोचिडींचं. आपल्या तालुक्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि हा ताप गोचीड चावल्याने होतो. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त, पण रानात फिरलेल्या कुणालाही तो होऊ शकतो. जानेवारी ते मे हे दिवस विशेष जपायचे. निघण्याआधी आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागे आणि केसांत नीट तपासा. मुलांना मोठ्यांनी तपासावं. पिल्लू-गोचीड तिळाहून लहान असते, नुसती नजर फिरवून दिसत नाही, बोट फिरवून बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चुना काही लावू नका. रानातले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा आणि घरी गेल्यावर गरम पाण्यात धुवा.

पुढच्या आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं असं काही झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टर विचारोत न विचारोत, दोडामार्गच्या जंगलात राहून आलोय हे आधी सांगा, म्हणजे ते त्या दिशेने रक्त तपासतील. आणि मलाही फोन करा. तुमच्याबरोबर त्या दिवशी जे जे रानात होते त्यांना मी कळवते.