विनोदी सिनेमात नागपूरकर लिहायचा असेल तर

कौटुंबिक पटकथेत आमचा माणूस लिहिताना आधी त्याला घर द्या, मग बोली. प्रत्येक वाक्याला ‘बे’ चिकटवू नका. ‘बे’ बरोबरीच्या दोस्ताला, वडीलधाऱ्यांना ‘हो जी’. ‘काय करून राहिली?’ असं माझी आई रोज विचारते, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसू प्रसंगातून काढा: मे महिना, पाहुणे दारात, कूलरचा पंप बंद, अन् चौघं बादलीनं पाणी ओतत भांडताहेत.

शेजारीही खरे हवेत. १९५६ च्या धम्मदीक्षेचं हे शहर आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेलं घर लग्नाच्या गमतीत मध्यभागी आणा, तिथल्या आजीला सगळ्यात चांगला विनोद द्या. मोमिनपुऱ्यातली मैत्रीण ईदच्या दृश्यापुरती नको.

शेवटी संवाद इतवारीतल्या कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो अडखळला, की ते वाक्य खोडा.