लोणारला गेलात तर काठावरचे दगड असे बघा, आणि घरातला "उल्केचा दगड" असा तपासा

लोणारला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेत, पण होतं काय की वरून तलावाचा फोटो काढायचा, दैत्यसूदन मंदिर बघायचं आणि संध्याकाळच्या आत गाडीत बसायचं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा खड्डा आकाशातून आलेल्या दगडानेच झाला हे सांगणाऱ्या खुणा काठावर आपल्या पायाखाली आहेत आणि त्यातल्या दोन तरी साध्या डोळ्यांनी दिसतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, एकावर एक थर साचत गेलेला. कुठल्याही घाटातून जाताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात ना ते हे थर, आणि ते जवळजवळ आडवे असतात.

आता लोणारला सकाळी लवकर पोचा, ऊन तिरपं असताना थर उठून दिसतात. विवराची भिंत समोरून बघितली तर थर इथेही आडवेच वाटतील आणि तुम्ही फसाल, म्हणून जिथे ओढ्याने काठ कापलाय किंवा वाट खाली उतरते तिथे बाजूने बघा. पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी धरा, आतल्या पाण्याची रेघ ही तुमची लेव्हल. ती डोळ्यासमोर धरून मागच्या थराची रेघ बघा, थर तलावापासून लांब, बाहेरच्या बाजूला उतरलेला दिसेल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बाटली तीन-चारदा हलवून पाहिली, विश्वासच बसेना. जमीन नुसती खाली खचली असती तर काठ असा वर उचलला गेला नसता. इथे काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे आणि आतून ढकलल्यासारखा बाहेर कललाय, १.८ किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याला सगळीकडून.

मग काठ सोडून बाहेरच्या बाजूला शेतांकडे चाला. विवरातून उडालेला माल साधारण सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत पसरलाय. रस्त्यासाठी कापलेली कड किंवा विहिरीची कड दिसली (मालकाला विचारूनच जवळ जा) की बघा, नेहमीचे सरळ थर आहेत का लहानमोठे धोंडे, चुरा, माती सगळं एकत्र कालवल्यासारखं आहे. कालवलेलं असेल तर ते उडून पडलेलं. दगड उचलून आणू नका मात्र, इथे अभयारण्य आहे आणि १९७९ पासून हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही आहे.

तिसरी खूण मायक्रोस्कोपखालची, पण सगळ्यात भक्कम तीच. १८२३ मधे ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी या विवराची नोंद केली, त्यानंतर दीडशे वर्षं ज्वालामुखी की उल्का हा वाद चालू राहिला. मग तलावात बोअर मारले, गाळाखालून फुटलेला, दाबलेला बेसाल्ट वर आला आणि १९७३ मधे त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं जाहीर झालं. बेसाल्टमधे फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या असतात, त्यांच्यावर हवेच्या दाबाच्या दोन लाख पटीहून जास्त दाब क्षणभर आला की बाहेरचा आकार तसाच राहतो पण आतली स्फटिकाची रचना मोडून काच होते, तीच ही मास्केलिनाइट. एवढा दाब कुठलाच ज्वालामुखी देऊ शकत नाही. गंमत म्हणजे हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तो बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली आकाशातून पडलेल्या दगडात (अशनीत), आणि तो दगड मंगळावरून आलेला आहे! जगात बाकी ठिकाणी अशा धडकेची खूण म्हणून क्वार्ट्झमधल्या (गारगोटीतल्या) समांतर रेघा शोधतात, पण आपल्या काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळपास नसतंच. मंगळावरही बराचसा बेसाल्टच आहे, म्हणून बेसाल्टमधलं लोणार मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना इतकं मोलाचं वाटतं.

वयाचे दोन आकडे वाचायला मिळतील, ५२ हजार वर्षं आणि ५ लाख ७० हजार वर्षं. पहिला थर्मोल्युमिनेसन्सचा (दगड तापवल्यावर त्यातून निघणारा साठलेला प्रकाश मोजतात), दुसरा २०११ मधला आर्गॉन पद्धतीचा (दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजतात). मला दुसरा जास्त पटतो, कारण पहिल्या पद्धतीत साठलेला सिग्नल हळूहळू गळू शकतो आणि मग वय कमी दिसतं.

आता घरच्या दगडाकडे. (आकाशात चमकते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी.) कोणी शेतातून काळा जड दगड आणतो, लोहचुंबक लावतो, चिकटला की अख्ख्या गावात अशनी म्हणून फिरवतो. पण आपल्या साध्या बेसाल्टमधेही मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारं लोखंडाचं खनिज असतं, तोही थोडा ओढतो. आणि जोरदार चुंबक तर लावूच नका, दगड खरा निघाला तर त्याच्या आतली करोडो वर्षं जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. फ्रिजवरचा छोटासा चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नुसता लोंबता सोडा, हलतो का बघा, बास.

त्याच्या आधी भोकं बघा. दगडाला स्पंजसारखी भोकं असतील तर नव्याण्णव टक्के ते लोखंडाचं कीट किंवा बुडबुडेवाला बेसाल्ट. पांढऱ्या गारा भरलेल्या असतील तरी बेसाल्टच. कोकणातला असेल तर जांभा आहे का ते आधी बघा. मग टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगडाचा कोपरा घासा, लालसर रेघ उमटली तर हेमाटाइट (तेही लोखंडाचं खनिज), गडद राखाडी उमटली तर मॅग्नेटाइट, अशनी सहसा रेघ सोडत नाही.

यातून पास झाला तर वजन. किचनच्या डिजिटल काट्यावर दगड ठेवा, समजा ४२० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकवू नका. काटा १४० दाखवत असेल तर ४२० भागिले १४०, म्हणजे ३, म्हणजे दगड पाण्याच्या तिप्पट जड, हा झाला बेसाल्ट. साधा दगडी अशनी ३.२ ते ३.८ च्या आसपास येतो, लोखंडी साडेसातच्या वर. दगड अशनीच असावा असा खरा संशय असेल तर पाण्याचा प्रयोग टाळा, ओलाव्याने आतलं लोखंड गंजतं.

ताज्या अशनीवर जळक्या काळ्या रंगाचा पातळ पापुद्रा असतो, अंड्याच्या कवचासारखा, आणि तुटलेल्या जागी आत फिकट राखाडी दिसतं. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ पडलेले दगड असेच आहेत. आतही बाहेरइतकाच काळा असेल तर शंका घ्या.

एवढं सगळं जुळलं तर धुवू नका, हातोडी मारू नका, कोरड्या स्वच्छ फॉइलमधे गुंडाळा, सापडल्या जागेचा फोटो आणि मोबाइलवरचं लोकेशन जपून ठेवा. आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, त्यांचं ऑफिस नागपूरलाही आहे.