जुन्या गाडीचं ऑइल जातं कुठं? इंजिन खोलायच्या आधी एवढं बघा

वडलांची २००२ सालची छोटी पेट्रोल गाडी अजून मी चालवतो, तीन सिलिंडर, पावणेदोन लाख किमी झालेली. मागच्या वर्षी ती ऑइल प्यायला लागली. मिस्त्रीने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, तोंडातून भकाभका गॅस येत होता तो दाखवला आणि लगेच निकाल, "रिंगा गेल्यात साहेब, हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, इंजिन खोलून त्या बदलायच्या. खालून गळत पण होतं, त्यावर म्हणे मागचं क्रँक सील (इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं), म्हणजे गिअरबॉक्स उतरवा. खर्च ऐकून मी म्हटलं जरा थांबा, आणि पुढचे दोन-तीन रविवार स्वतःच बॉनेटमध्ये डोकं घातलं.

ऑइल जायच्या वाटा तीनच. बाहेर गळतं, आत जळतं नाहीतर कूलंटमध्ये मिसळतं. पण त्याआधी मोजा, कारण "लय ऑइल खाते" याला काही अर्थ नाही. गाडी सपाट जागेवर, सकाळी सुरू करायच्या आधी, ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून पुसायची, परत पूर्ण आत घालून मग बघायची. पंपावर गाडी थांबवल्या थांबवल्या पट्टी बघणारे लोक असतात, तेव्हा बरंच ऑइल वरच अडकलेलं असतं, लेव्हल कमी दिसते, मग हे आणखी ओततात, आणि खुणेच्या वर भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रिदरमधून, म्हणजे इंजिनातला गॅस सोडणाऱ्या नळीतून, जळायला ओढलं जातं. म्हणजे गाडी पीत नव्हती, तुम्हीच पाजलं. लहान गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. किती किमीला किती टाकलं ते वहीत लिहा. माझं आलं ९०० किमीला १ लिटर. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला १ लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण ते वाचून मला काही झोप लागली नाही. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका, तो ऑइलचं प्रेशर पडल्यावर लागतो, लेव्हल कमी झाल्यावर नाही.

आता गळती. घाणेरड्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाण्याचा थेंब शोधण्यासारखं आहे, त्यामुळे आधी धुवा. इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि जुना ब्रश, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधून, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन जवळून मारू देऊ नका. नीट वाळलं की सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवायची, हो, बाळाची असते तीच, आणि १५-२० किमी फिरून यायचं. ऑइल खाली ओघळतं आणि चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणून थेंब पडतो ती जागा धरू नका, सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

माझ्याकडे थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून पडत होता, मिस्त्रीने दाखवलेला तोच. पण पावडरीत बोटाएवढी काळी रेघ दिसली, ती टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरचं सगळ्यात वरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातून निघून त्याखालच्या हेडच्या पाठीवरून सरळ खाली आलेली! क्रँक सीलचा संबंधच नाही. आधी कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की पत्र्याचं कव्हर कडेला वाकलं होतं, आणि रबराचं पॅकिंग तर प्लास्टिकसारखं कडक, हातात घेतलं तर तुकडा पडला. कव्हर सरळ करून नवीन पॅकिंग टाकलं, बोल्ट थोडे थोडे करत सारखे आवळले, बस. गळती थांबत नाही म्हणून आणखी आवळायचं नसतं, त्यानेच गळती वाढते.

बाकी जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशर स्विच, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत फ्युएल पंप, पुढच्या पुलीमागचं सील, चेंबरचं (खाली ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग, ड्रेन बोल्टचं वॉशर, आणि फिल्टर बदलताना जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं का तेही बघा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे, इंजिनला शिव्या घालू नका.

सीलं बदलायला घ्यायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व, म्हणजे इंजिनात साठणारा गॅस सोडणारा छोटा व्हॉल्व, मात्र बघाच, टॅपेट कव्हरवरून इनटेककडे (इंजिनात हवा जाते ती वाट) जो रबरी पाइप जातो त्यावर असतो. काढून हलवला की आत खडखड वाजला पाहिजे. माझा मुका होता, आत काळा चिकटा गच्च बसलेला. हा बंद पडला की इंजिनातला गॅस कोंडतो आणि जिथं कमजोर सील असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. आणि मिस्त्रीला झाकणातून जो गॅस दिसला होता, ज्यावरून रिंगांचा निकाल लागला, तो बराचसा याच्यामुळे! नवीन व्हॉल्व टाकून परत झाकण काढलं तर नुसती हलकी वाफ, जुन्या इंजिनाला तेवढी असतेच.

मग जळणं. धूर निळा असला तर ऑइल, काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा दाट आणि गोडसर वासाचा असला तर कूलंट. पण निळा धूर कधी येतो ते जास्त महत्त्वाचं. सकाळी सुरू केल्यावर एक भपकारा आणि मग साफ, तर गाइड सील, म्हणजे व्हॉल्वच्या दांडीवरचं सील. चढावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला की सतत येतो, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). आम्ही नाशिकहून कसारा घाट उतरत होतो, गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, खाली आल्यावर दाबला. पुढं चहाला थांबलो तर मागच्या गाडीतून मेव्हणा उतरला, "दाजी, घाट संपला तिथं केवढा ढग सोडला तुम्ही, मला रस्ता दिसंना!" उतारावर इनटेकमध्ये ओढ वाढते, ती ढिल्या गाइड सीलमधून ऑइल खेचते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते जळतं, त्यामुळे हाही इशारा गाइड सीलचाच.

खात्रीसाठी कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि फ्युएल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि गेज वाचायचं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). हा चमच्याचा प्रयोग डिझेलवर घरी करू नका, आत जागाच इतकी कमी असते की काहीतरी मोडून बसाल. माझे तिन्ही सिलिंडर १४५ ते १५० पीएसआय, चमच्यानंतरही फार फरक नाही. गाइड सील खराब असले तरी कम्प्रेशन पडत नाही, हे जुळलं. फक्त ऑइल रिंग (भिंतीवरचं ऑइल खरवडणारी रिंग) जाम असली तरीही आकडे चांगले येऊ शकतात, म्हणून नुसत्या गेजवर जाऊ नका, धुराची वेळ सोबत धरा. काढलेले प्लगही बघून घ्या, एकच ओला काळा असेल तर कुठला सिलिंडर ते कळलं.

कूलंटचं थोडक्यात. झाकणाखाली लोण्यासारखा पिवळसर थर दिसला की लोक हेड गॅस्केट म्हणून घाबरतात, पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किमीच गाडी चालत असेल तर नुसत्या बाष्पानेही तो जमतो. एकदा तासभर हायवेला चालवा, पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी उभी करा.

आता माझा हिशोब २३०० किमीला १ लिटरवर आलाय. गाइड सीलं दिवाळीनंतर बदलीन, तोवर डिकीत ऑइलचा डबा आणि जुन्या बनियनचं फडकं. गळती कळावी म्हणून पार्किंगमध्ये गाडीखाली टाकलेला पुठ्ठा महिनाभर कोरडा आहे.